डाव्या सीटवरचा नवरा

दादरच्या टॅक्सी स्टँडवर पुरुषांचा एक ठरलेला विनोद होता. बायको आणि गाडी दुसऱ्याच्या हातात देऊ नये म्हणे. आमच्या ह्यांनी उभा जन्म काळी-पिवळी चालवली, त्यामुळे हा विनोद रोज रिकाम्या डब्याबरोबर घरी यायचा. मी बालवाडीची शिक्षिका, दिवसभर पोरांना ओरडून घसा बसलेला. तरी मी म्हणायचीच, "अहो, मी काय किल्ली आहे का, ह्याच्या-त्याच्या हातात द्यायला?"

माझं मत अगदी उलटं होतं. बायको कसली गाडी? गाडी म्हणजे नवरा, आणि तोही सेकंड हँड. आधीची मालकीण म्हणजे सासू. सौदा ठरताना ती छातीवर हात ठेवून सांगते, आमच्याकडे ह्याने कधी म्हणून त्रास दिला नाही. घरी आणल्यावर कळतं की सकाळी लवकर चालू होत नाही, चढाला धाप लागते आणि हॉर्न तेवढा ठणठणीत आहे. परत करायची सोय नाही. हे मी सासूबाईंच्या देखत बोलायची, आणि त्याही पदर तोंडाला लावून हसायच्या.

टॅक्सीचं वय संपलं आणि ती भंगारात गेली. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. मग एक लहानशी पांढरी गाडी घेतली, तीही जुनीच. डिलाईल रोडवरची आमची चाळ पाडून इमारत झाली तेव्हा नशिबाने खाली पार्किंग मिळालं होतं. आमच्यापेक्षा त्या गाडीचे लाड जास्त. माझ्या साड्यांचं जुनेर आधी गाडी पुसायला जायचं, उरलं तर घरात.

आणि मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. हे तपासणीला एकटेच जाऊन आले. म्हणाले, "बाजूक वाईच कमी दिसता. समोरचा लख्ख. पण डॉक्टर म्हणता गाडी चालवची नाय." एवढं बोलून टीव्ही लावला.

त्यानंतर रोज सकाळी खाली जायचे, उजव्या सीटवर बसायचे, इंजिन चालू करायचे आणि थोड्या वेळाने बंद करून वर यायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचे. माझा पुतण्या गाडी विकत घ्यायला तयार होता. मलाही वाटलं, देऊन टाकावी, उगाच धूळ खात कशाला ठेवायची? मी विषय काढला तेव्हा हे भांडले नाहीत. हा माणूस मिठावरून भांडतो, पण तेव्हा भांडला नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "गाडी गेली काय मगे मी नुसतो म्हातारो."

म्हटलं, "मग मला शिकवा."

आयुष्यभराचा विनोद ह्यांनी तिथल्या तिथे गिळला. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत लायसन्स काढ. नायतर देऊन टाकू पुतण्याक." दिवाळीला काही फार अवकाश नव्हता.

आमच्या भागात बायकोला गाडी शिकवायची म्हणजे रविवारी सकाळी वडाळ्याला जायचं. मिठागरांच्या बाजूला रुंद मोकळा रस्ता आहे. पुतण्या आम्हाला तिथे नेऊन सोडायचा आणि चहाला पळायचा. तिकडचा देखावा काय सांगू! ओळीने गाड्या, प्रत्येक गाडीत उजवीकडे घामाघूम बायको आणि डावीकडे ओरडणारा नवरा. काचा बंद, पण तोंडांवरून सगळं कळत होतं. एक बाई रस्त्याच्या मधोमध उतरून चालायलाच लागली. नवरा मागे मागे, "अगं ऐक ना, प्लीज!" शेवटी ती सायकलवरच्या चहावाल्यापाशी येऊन थांबली, मीही तिथेच होते.

"लग्नाआधी ह्याच गाडीतून मला फिरवायचा," ती म्हणाली. "तेव्हा एकदासुद्धा ओरडला नाही."

"तेव्हा तू डावीकडे बसायचीस," मी म्हटलं. दोघी खो खो हसलो.

आमचे हे ओरडण्यात कोणाला हार जाणारे नव्हतेच. "अगो, खंय बघतंस? रस्तो समोर आसा!" "गियर, गियर! इंजिन रडता ता ऐकू येत नाय?" क्लच काही मला जमेना. पाय उचलला की गाडी उडी मारून गप्प. तेव्हा मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "क्लच नव्या नवरीसारखो गो. सावकाश सोडूचो. एकदम सोडलंस तर रुसता."

"तुम्ही सोडलात होय सावकाश? लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मला माशांची पाटी दिलीत साफ करायला."

"आणि तू रुसलंस," ते म्हणाले. "आठवता माका." मी क्लच सोडला. गाडी पहिल्यांदाच न कुरकुरता पुढे सरकली, आणि मला ह्यांना मिठी मारावीशी वाटली. पण हात स्टिअरिंगवर होते.

एक गोष्ट मात्र डोक्यात जायची. रस्त्यावर यायला लागल्यापासून प्रत्येक सिग्नलला विचारायचे, "कुठलो रंग? मोठ्यान बोल." मी लाल म्हणायचे, हिरवा म्हणायचे. बालवाडीत मी तेच करते, चेंडू वर धरून रंग विचारते. मला वाटायचं, हा माणूस माझीच नक्कल करतोय, सूड उगवतोय. तरी गप्प बसले. शिकायचं असेल तर मास्तरांच्या लाथा गोड.

दिवाळी जवळ आली. एका रविवारी वडाळ्याहून घरापर्यंत मीच गाडी आणायची ठरलं. पुतण्याला सुट्टी दिली. रस्ता रिकामा, ऊन पाठीमागून येत होतं. एका चौकात सिग्नल लाल होता. मी छान थांबले, गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला. मागे कोणी नाही, बाजूला कोणी नाही. मनात म्हटलं, बघा, आता तरी शाबास म्हणा.

"कुठलो रंग?"

माझं टाळकं सरकलं. एवढं सगळं नीट केलं तरी हा पोरखेळ! म्हटलं, "हिरवा!"

"मगे थांबलंस कित्याक? सोड क्लच, जा."

मी हसायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे वळले. सिग्नल आमच्या अगदी समोर होता. हे त्या सिग्नलकडेच बघत होते, हनुवटी वर करून, सरळ. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मला सगळं एकदम कळलं. पेपर मला मोठ्याने वाचायला लावणं. तांदूळ निवडायला नको म्हणणं. माझा गियर चुकला की इंजिनाच्या आवाजावरून ओरडणं, आणि मी मात्र त्यांची नजर किती तेज म्हणून शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते.

"लाल आहे हो," मी म्हटलं. "मी चिडून खोटं बोलले."

त्यांनी हात मांडीवर ठेवले, आणि ते हात इतके रिकामे दिसले की मला बघवेना.

"कधीपासून?"

"टॅक्सी गेली त्याच्या नंतर सुरू झाला. हळूहळू." मग हात चोळत, "तुका सांगलेला असता तर तू माका शेजारी घेऊन शिकलंसच नसतंस. गाडी विकून मोकळी झालंस असतंस."

खरं होतं. मी विकलीच असती, आणि वर चार गोष्टी ऐकवल्या असत्या. मला राग आला, त्यांचा आला, त्या डॉक्टरचा आला, आणि डोळे भरून आले ते वेगळेच. पण चालवणारीचे डोळे भरून चालत नाही. मी पदराने पुसले आणि समोर बघितलं.

"आता विकतलंस?" त्यांनी विचारलं. हा माणूस माझ्याशी कधी इतक्या हळू आवाजात बोलला नव्हता.

मी पहिला गियर टाकला. हँडब्रेक खाली केला.

"हिरवा झाला," मी म्हटलं.

ते जरा घुटमळले. "खरा मा?"

"खरा," मी म्हटलं, आणि सावकाश क्लच सोडला.