टेकाडीच्या घाटावरची तिसरी हाक

टेकाडीच्या घाटावर डोंग्याच्या टोकाशी वल्हं घेऊन बाई उभी दिसली, तर दचकू नका. ढिवरांच्या डोंग्यात बाई बसते, वल्हं धरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. धरलं तर मासे रुसतात म्हणे. पण या बाईनं धरलं त्याला आता दोन पावसाळे झाले आणि मासे होते तिथंच आहेत. रुसली ती माणसं.

ही रुखमाबाई. दिसायला काटक, बोलायला त्याहून. तुम्ही डोंग्यात बसून बडबड करू लागलात तर म्हणेल, "भाऊ, तोंड मिटा, डोंगा डोलून राह्यला." मला तर ती दर फेरीला म्हणते.

टेकाडी वैनगंगेच्या उगवतीला, जंगलाच्या अंगाला. बाजार मावळतीला, पोंभुर्ण्याला. मीठ आणा, मोहफुलं विका, पोरगी पाहायला जा, काहीही करा, मधे नदी. म्हणजे घाट ज्यांचा, त्यांच्यापुढं अर्ध्या मुलखाला हात जोडून उभं राहावं लागतं. आधी घाट मालगुजाराचा, म्हणजे इथल्या जमीनदाराचा होता. मालगुजारी गेली तेव्हा पलीकडचे व्यापारी म्हणाले, घाट आमचा. टेकाडीच्या ढिवरांनी पात्रात खुंटे ठोकून वाटच बंद केली. महिनाभर कोणीच इकडचं तिकडं झालं नाही. शेवटी घाट ढिवरांकडे राहिला आणि त्यांनी घरोघर डोंग्याची बारी, म्हणजे पाळी लावली. ज्या घरात कर्ता माणूस जिवंत, त्या घराला बारी. माणूस परगावी असला तर भाऊबंदानं त्याच्या नावानं डोंगा हाकायचा आणि सुगीत गावकरी नदीपारीचं म्हणून देतात ते धान त्याच्या घरी पोचवायचं. माणूस मेला की बारी भावाकडे. विधवेकडे फक्त चूल.

घाटाचा दुसरा कायदा हाकेचा. पलीकडून कोणी "हो डोंगाऽऽ" म्हणून ओरडलं, की लगेच उठायचं नाही. बुडून मेलेला माणूसही काठावरून हाक मारतो, पण त्याला दोनच हाका मारता येतात, असं ढिवर मानतात. म्हणून तिसरी हाक आली की जिवंत माणूस समजायचं आणि निघायचं. मी घाईत असलो की या कायद्याला शिव्या घालत असे.

रुखमाचा नवरा लटारू. त्याचा धाकटा भाऊ मुखरू. दोघांचे चेहरे वेगळे, चाल वेगळी, पण आवाज एकच. पलीकडून हाक आली तर लटारू की मुखरू, हे घाटावर एकट्या रुखमालाच कळायचं. बाकीच्या बाया तिला चिडवायच्या, "बाई, अंधारात तरी नीट ओळखजो व!" ती म्हणायची, "तुह्या नवऱ्याचा आवाजच निघत नाई, तुले कशाची काळजी?"

हा लटारू जहाजावर गेला. जंगलातला माणूस समुद्रावर कसा, असं तुम्ही विचाराल. सागवानामुळं. बल्लारशाचे कय्यूमभाई सागवानाचे व्यापारी. पुढचे दात गेलेले, पण बातमी अशी चावून चावून सांगणार की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत. जंगल पाहायला ते टेकाडीच्याच घाटानं जात. त्यांचं लाकूड मुंबईला गोदीत जहाजाच्या कामाला जाई. एकदा मालाबरोबर राखणीला म्हणून त्यांनी लटारूला नेलं. तिथं त्यांचा मावसभाऊ सारंग होता, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. लटारूनं समुद्र पाहिला आणि तो बिघडला.

"वर्षभराचा करार आहे," तो घरी येऊन म्हणाला.

"नदी कमी पडली काय तुले?" रुखमा म्हणाली. "समुद्राले दुसरा काठ तरी असते काय?"

"असते. इथून दिसत नाई, एवढंच."

"आन् तिथून मी दिसन?"

"हाक मारीन ना. तीनदा."

छप्पन सालच्या उन्हाळ्यात तो गेला. पावसाळ्यानंतर सारंगाचा निरोप कय्यूमभाईंकडे आला, की जहाज सुएझच्या कालव्याकडे निघालंय. त्यानंतर निरोप नाही. दिवाळी होऊन गेली आणि एका दुपारी कय्यूमभाई घाटावर उतरले ते गप्प. कय्यूमभाई गप्प म्हणजे काहीतरी भयंकर, हे सगळ्यांनी ओळखलं. मोहाच्या झाडाखाली वारलू महाजन बसला होता. तो ढिवरांचा पंच. मुखरू जाळं विणत होता. रुखमा पाण्याला आली होती.

"सुएझात लढाई लागली," कय्यूमभाई म्हणाले. "कालवा बंद झाला."

"कालवा म्हंजे आपल्या असोल्याच्या तलावाचा आहे तसाच ना गा?" वारलू म्हणाला. "त्यात म्हैस बसली त पाणी अडते. त्याच्यासाठी लढाई?"

"महाजन, हे मोहाचं झाड त्यात उभं केलं त शेंडा दिसाचा नाई. तेलाची सारी जहाजं त्याच घाटातून जाते. तिथल्या मुलखानं म्हटलं, घाट आमचा, बारी आम्ही लावू. तुम्ही नाई म्हटलं होतं, मालगुजार गेला तवा?"

"म्हटलं होतं."

"मंग बाकीचे मोठे मुलूख म्हणाले, कालव्याची राखण कराले आम्ही येतो. आन् विमानं घेऊन आले."

"राखण?" रुखमानं घागर खाली ठेवली. "विमानातून?"

"मोठ्या लोकांची राखण तशीच असते, बाई. घाटवाल्याईनं मंग वाट अडवाले आपलीच जहाजं आडवी बुडवली."

वारलूनं समजल्यासारखी मान हलवली. "आम्ही खुंटे ठोकले होते."

"माह्या माणसाचं जहाज?" रुखमानं विचारलं.

कय्यूमभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "खबर नाई, बाई. खोटं काऊन सांगू? काही जहाजं बुडाली. काही आतच अडकून राह्यली. त्याचं कोणत्यात, अल्लाले माहीत."

मुखरूनं या बोलण्यातलं अर्धंच घरी नेलं. बुडालेलं नेलं, अडकलेलं झाडाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लटारूचा डोंगा त्याच्या खुंट्यावर नव्हता. मुखरूच्या खुंट्यावर होता.

"काऊन नेला भाऊजी?" रुखमानं विचारलं.

"राखाले नेला, वैनी. वाहून गेला असता."

काठाला तेव्हा गुडघाभर संथ पाणी होतं. डोंगा काय, त्यात पळसाचं पान वाहिलं नसतं.

पौषात मुखरूनं पंचायत बसवली. लटारू मेला म्हणा, बारी माझ्या नावावर करा. पण वारलू अडला, आणि कशावर अडला पाहा. ढिवर पाण्यात बुडत नाही! पंचायतीनंच तो बुडाला म्हणायचं म्हणजे साऱ्या जातीची अब्रू गेली. दोन दिवस हाच खल चालला. पोंभुर्ण्याच्या बाजारात आम्ही हसून लोळलो. लोळून झाल्यावर कळलं, की त्या खलावर एका बाईचं कुंकू टांगलेलं आहे.

"बुडाला म्हणाची लाज वाटते ना?" रुखमा पंचांसमोर म्हणाली. "मंग नका म्हणू. तो येईन. वर्षाचा करार होता, वर्ष त होऊ द्या."

"विमानातून बॉम्ब पडला," मुखरू म्हणाला. "बॉम्बानं मेला. त्यात ढिवराची कोणती लाज?"

वारलूचा जीव भांड्यात पडला. लटारू बॉम्बानं मेला असं ठरलं. जहाज कोणतं, बॉम्ब कोणाचा, कोणी विचारलं नाही. घाट मोठ्यांचा असो की टेकाडीचा, माणसाला मारायचं ठरलं की बाकीची जुळवाजुळव आपोआप होते.

प्रेत नसलं की पळसाच्या देठांचा पुतळा करून जाळतात. माघात मुखरूनं पुतळा केला. त्याला लटारूचं जुनं धोतर गुंडाळलं, डोईच्या जागी नारळ ठेवला आणि नदीकाठी अग्नी दिला. चौघींनी रुखमाचे हात धरले, पाचवीनं दगडानं बांगड्या फोडल्या. त्यातली एक सोमारी. तिनंच मला सांगितलं. "रडली नाई भाऊ ते. पुतळ्याकडं पाहून म्हणे, धोतर काऊन जाळलं? आल्यावर काय नेसन तो?"

चैत्रात कय्यूमभाई धापा टाकत आले. कालवा मोकळा झाला होता, आत अडकलेली जहाजं सुटली होती. वारलू जमिनीकडे पाहत म्हणाला, "कय्यूमभाई, तुमची खबर उशिरा आली. माणसाची राख झाली."

"राख पुतळ्याची झाली, महाजन!"

"आमच्यात त्याले एकच म्हणते."

त्यानंतर रुखमा रोज घाटावर बसू लागली. सुगीचं धान मुखरूच्या घरी गेलं होतं. ती दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जायची आणि उरलेला वेळ पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसायची. मुखरूला ते खुपायचं. "वैनी, घाटावर विधवेनं बसू नाई." ती म्हणायची, "मी कुठी बसली? मी वाट पाहून राह्यली."

श्रावणात नदी फुगली. तांबडं पाणी, मधे झाडं वाहत येत होती. अशा दुपारी पलीकडून हाक आली.

"हो डोंगाऽऽ!"

मुखरूची बारी. तो वल्हं घेऊन खडकावर बसला होता आणि वारलू झाडाखाली. हाक ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज मुखरूचा होता आणि मुखरू तर इथं बसला होता. सोमारी म्हणते, पलीकडे निळा सदरा घातलेला माणूस उभा होता. डोक्यावर पत्र्याची पेटी.

दुसरी हाक आली. रुखमा बांधावरून पळत सुटली.

तिसरी हाक आली. पाण्याच्या गर्जनेवरून स्वच्छ आली. घाटाच्या कायद्यानं जिवंत माणसाची.

"उठ ना भाऊजी!" रुखमा ओरडली. "तीन झाल्या! तो आहे!"

मुखरूचे ओठ पांढरे पडले होते. "त्याचा पुतळा मी जाळला. जाळलेल्याले हाकेचा हिशोब नाई. तो चार मारन नाई त चाळीस. महाजन, सांगा."

वारलूनं काय सांगायचं? जिवंत म्हणावं तर पंचायतीनं जिवंत माणूस जाळला असं होतं. भूत म्हणावं तर समोर माणूस हात हलवत उभा. तो म्हणाला, "पाणी उतरू द्या. मंग पाहू." इतका शहाणा निर्णय मी आयुष्यात ऐकला नाही. मुखरू वल्ह्यावर मांडी घालून बसला. भीतीनं की बारीसाठी, ते टेकाडीत अजून दोन तट पडून भांडतात.

रुखमानं डोंग्याचा दोर सोडला. बायांनी तिला मागून धरलं. विधवेचा हात डोंग्याला! ती चावली, तिनं ओरबाडलं. तोवर पलीकडच्या माणसानं पेटी खाली ठेवली, सदरा कमरेला खोचला आणि पाण्यात शिरला. समुद्र पाहून आलेला ढिवर. त्याला वैनगंगेची कसली भीती? अर्ध्यावर येईपर्यंत त्याचे हात दिसत होते. मग वरून एक झाड वाहत आलं. झाड पुढं गेलं. हात दिसले नाहीत.

पुढच्या वळणावर जांभळाच्या मुळ्यांत तो सापडला. गळ्यात खलाशी आपले कागद ठेवतात ती पत्र्याची नळी होती आणि चेहरा शाबूत होता. भूत म्हणायची सोय राहिली नाही. तरी पंचायत म्हणाली, एका माणसाला दोनदा अग्नी देता येत नाही. खांदा द्यायला कोणी उठलं नाही. कय्यूमभाईंनी गाडीभर सागवान पाठवलं, जहाजाच्या फळ्यांसाठी निवडून ठेवलेलं, आणि स्वतः गाडीबरोबर आले. रुखमा, कय्यूमभाई आणि त्यांचा गाडीवान, तिघांनी त्याला उचललं. अग्नी रुखमानं दिला. पलीकडे राहिलेली पेटी नंतर कय्यूमभाईंनीच आणली. तीत काचेच्या बांगड्या होत्या, परमुलखातल्या, हिरव्या. तिनं भरल्या नाहीत, फोडल्याही नाहीत.

दुसऱ्या सकाळी ती घाटावर गेली आणि डोंग्यातलं वल्हं उचललं. मुखरू खडकावर होता. त्यानं अडवलं नाही. कोणीच अडवलं नाही.

तेव्हापासून रुखमाबाई पहिल्या हाकेला निघते. लोक खोड्या काढतात. टवाळ पोरं हाक मारून पळून जातात, ती रिकाम्या काठाला डोंगा लावते आणि रिकामाच परत आणते. मी एकदा म्हटलं, "रुखमाबाई, हाक पुरती तरी होऊ द्या." ती म्हणाली, "पुरती होऊस्तोवर माणूस राह्यते काय?"

मुखरू त्यानंतर पलीकडून हाक मारत नसे. बाजारातून परतताना दुसरं कोणी यायची वाट पाहत काठावर बसून राही. गेल्या भादव्यात एकदा तो तापानं फणफणला होता, झड लागली होती आणि त्या वाटेला कोणी फिरकलं नाही. इकडून सगळ्यांना तो दिसत होता. रुखमाबाईलाही. ती वल्हं मांडीवर घेऊन बसली होती. सोमारी म्हणाली, "मरन व तो तिथं."

"हाक मारन त जाईन," रुखमाबाई म्हणाली.

दिवेलागणीला हाक आली. एकच, चिरकी, भिजलेली. "हो डोंगाऽऽ." ती संपायच्या आत डोंगा पाण्यात होता.

परतताना डोंगा अर्ध्या नदीत आला. मग मुखरूनं कुडकुडत विचारलं, "वैनी, एकाच हाकेले कशी आली? माह्यासाठी?"

"तुह्यासाठी नाई," रुखमाबाई म्हणाली. तिची नजर पुढच्या काठावर होती. "त्याचा आवाज आहे तुह्यापाशी. तो दुसऱ्यांदा ऐकाचा नव्हता मले."