आर्विडच्या हातची कॉफी

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात, कॉम्प्युटर नवेनवे होते तेव्हा, एका विमा कंपनीत सिग्नी हाल्वोर्सन कॉम्प्युटरशी त्याच्याच भाषेत बोलायची, म्हणजे नुसत्या आकड्यांत. या खणातली रक्कम उचल, त्या खणातली तीत मिळव, बेरीज तिसऱ्या खणात ठेव. यंत्राला स्वतःची अक्कल नसते, एक पायरी गाळली की ते आंधळ्यासारखं भलतीकडे जातं. सिग्नी पायरी गाळायची नाही. या कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला, आर्विडला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळायला लागले. चर्चच्या तळघरात अख्ख्या मंडळीला नॉर्वेकडच्या रीतीची, अंडं घातलेली कॉफी एकट्याने करून पाजणारा माणूस, तो आता स्वतःचा कप भरायला घाबरू लागला. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं त्यालाच करू द्या, नाहीतर आहे तेही जाईल. मग सिग्नीने तिला येत होतं तेच केलं. ओट्यापाशी उभी राहून ती त्याला एकेक पायरी सांगू लागली.

"डावा हात पुढे कर. अंडं उचल. वाटीत फोड. आता कॉफीची पूड घाल. ढवळ."

एका सकाळी तिच्याकडून 'वाटी सुलटी कर' एवढं सांगायचं राहिलं. आर्विडने पालथ्या वाटीवर अंडं फोडलं. बलक ओट्यावरून खाली ओघळला.

"अरे, वाटी पालथी आहे हे दिसलं नाही का तुला?"

"दिसलं," तो म्हणाला. "तू... सांगितलं नाहीस."

फरशी पुसता पुसता सिग्नी थांबली. हात गेला ते एक वेळ सोसलं असतं. पण आपणच या माणसाचं यंत्र करतोय की काय, ही भीती तिला ऑफिसातही सोडेना.

ऑफिसात तेव्हा कंपायलर आला होता. माणसाने साध्या वाक्यात 'हप्ता काढ' असं लिहायचं, आणि त्याचे आकडे हा प्रोग्राम करणार. शेजारच्या टेबलावरची लोइस त्याच्यावर लट्टू होती. सिग्नी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याने केलेले आकडे ओळीने तपासत बसायची.

"हे बघ, यानं आधी वय पाहिलंय, मग रक्कम उचललीय. मी उलट करते."

"उत्तर चुकलं?"

"उत्तर नाही चुकलं."

"मग सिग्नीबाई, तुमचं दुखणं काय?"

"मी न सांगता केलंय त्यानं."

"तेवढ्यासाठीच तर आणलाय त्याला," लोइस म्हणाली आणि आपलं सँडविच खाऊ लागली.

शनिवारी सकाळी सिग्नी ओट्याकडे गेलीच नाही. खुर्चीवर पाठ फिरवून बसली.

"आर्विड, कॉफी कर."

तो वाट बघत राहिला. "मग?"

"मग काही नाही. कॉफी."

मागे त्याची पावलं ओट्याकडे सरकली. मग वाटी सुलटी झाल्याचा आवाज आला. सिग्नीला राहवेना, तिने मान वळवली. त्याने वाटी पोट आणि ओट्याची कड यांच्यामध्ये दाबून धरली होती. त्याने पूड आधी घातली, अंडं मागून, तेही टरफलासकट, मुठीत चुरडून. सगळं उलटं! 'असं नव्हे' हे शब्द तिच्या ओठावर आले आणि तिथेच थांबले. तीस वर्षं ही कॉफी त्याने केली होती आणि तिने फक्त प्यायली होती. एवढे दिवस सांगितलेल्या पायऱ्या तिच्या होत्या, त्याच्या नव्हेत.

उकळलेल्या कॉफीत त्याने गार पाण्याचा हबका मारला, गाळ खाली बसला. अर्धा कप बशीत सांडत त्याने तो तिच्यापुढे ठेवला. तिने घोट घेतला, आणि तिचे डोळे भरून आले.

"कशी... झालीय?"

"नेहमीसारखी."

आर्विड समोर बसला. "आता... बटाट्याची पोळी आण."

"लोणी लावून की नुसती? आणि साखर? नीट सांग की."

तो तिच्याकडे बघून वाकड्या ओठांनी हसला.

"तुला... कळतं," तो म्हणाला.