रुखवतातली गिटार

ॲम्प्लिफायरच्या गरम झालेल्या व्हॉल्व्हवर धूळ करपते तेव्हा एक वास येतो. थोडा जळक्या केसांसारखा, थोडा उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा. त्यात जुन्या लाखेच्या पॉलिशचा गोडसर दर्प मिसळला की माझ्या बोटांना आजही तारा जुळवायची घाई होते. सांगलीच्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत, सत्तरच्या सुमारास तो वास रोज संध्याकाळी भरून राही. आई जिन्यातूनच ओरडे, "उदबत्ती तरी लाव गं! पोरीची खोली आहे का लोहाराची भट्टी?"

ती विजेची गिटार माझ्या मामाने आणली होती. मामा इस्लामपूरकडचा, सैन्यातला. परदेशी निघालेल्या कुणा साहेबाने आपले सामान वाटून टाकले, त्यात ती मामाच्या वाट्याला आली. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बसून, मान खाली घालून वाजवता येते, एवढ्या एका गुणावर हे वाद्य मुलीला चालेल असे आमच्या घरात ठरले. तिच्या नादाविषयी कुणी काही ठरवले नाही.

"लय जड हाय," ती माझ्या मांडीवर ठेवताना मामा म्हणाला होता. "पर एका लाकडातनं काढलीया. कुटं जोड न्हाई, कुटं पोकळ न्हाई. तू म्हातारी हुशील, ही न्हाई व्हायची."

ती देखणी नव्हती. रंग काळपट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, कडेवर कुणाच्या तरी अंगठीचे ओरखडे. पावसाळ्यात ओल्या पायांनी बसले तर हाताला झिणझिण्या येत. जुने ते सगळे चांगले, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिच्या खुंट्यांची दातेरी चाके एकमेकांत अशी घट्ट बसलेली होती, की सकाळी जुळवलेली तार संध्याकाळीही जागेवर सापडे. मामाने एकदा तिची पाठ उघडून दाखवली होती. आतल्या प्रत्येक तारेच्या टोकाला कथलाच्या डाखेचा गोल, चकचकीत थेंब होता, जणू कुणीतरी ती जागा, कधीच उघडली जाणार नाही हे ठाऊक असूनही, सजवली होती. एक स्वर छेडून हात उचलावा, तर खाली नळावर आईचा तांब्या भरेपर्यंत तो खोलीत उभा राही आणि मग कापूर उडावा तसा, डाग न ठेवता, नाहीसा होई.

साताऱ्याचे स्थळ आले आणि लग्न ठरले. रुखवताच्या तयारीला आत्या येऊन राहिली. विणलेले रुमाल, साखरेची फळे, स्टीलची भांडी मांडून पाहताना तिची नजर गिटारीवर गेली.

"हे काय? हेही ठेवायचं?"

"ठेवायचं की," वडील म्हणाले. "मुलगी वाजवते हे दिसायला नको का त्या लोकांना?"

"अरे, पण टवका उडालाय! रुखवतात जुनी वस्तू मांडतात कधी? नवरीला वापरलेली वस्तू दिली म्हणून साताराभर बोभाटा होईल."

एवढेच बोलणे झाले. वडिलांच्या कापडदुकानात माधवनगरच्या गिरणीतले एक गृहस्थ येत. ते एका ऑर्केस्ट्रात वाजवीत आणि त्यांचे मुंबईला जाणे-येणे असे. त्यांनी मुंबईहून नवी गिटार आणून दिली आणि त्या बदल्यात वडिलांनी जुनी त्यांना देऊन टाकली. त्या दिवशी मी बांगड्या भरायला गेले होते. परत आले तो खोलीत नव्या व्हार्निशचा, घशाला लागणारा वास होता.

नवी गिटार रक्तासारखी लाल होती. तिच्यात तोंड दिसे. रुखवतात ती साखरेच्या आंब्यांशेजारी मांडली. पुढे आत्याने पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत लिहिले, 'कन्येची कला'. सासरची माणसे येऊन तिच्यावरून बोट फिरवीत आणि बोटाचा ठसा पदराने पुसून पुढे जात. ती वाजते कशी, हे कुणी विचारले नाही. मला विचारले असते तर मी सांगितले असते: उचलतानाच ती हलकी लागली होती, रिकाम्या डब्यासारखी.

साताऱ्याच्या पहिल्याच पावसाळ्याने तिचे अंतरंग बाहेर काढले. लाल रंगाखाली प्लायवूडचे थर होते. हवेतली ओल पिऊन ते कडेला ओठांसारखे सुटू लागले. खुंट्यांचे पत्रे पातळ, त्यांचे स्क्रू भुसभुशीत लाकडात धरेनात. तार जुळवावी, कांडी उचलावी, तोवर ती उतरलेली असे.

गणपतीत सासूबाईंनी गल्लीभर सांगून ठेवले, "आमची सून इलेक्ट्रिकचं वाजवती." मी म्हटले, "गिटार नीट नाही, पुढच्या वर्षी वाजवते." त्या म्हणाल्या, "आता न्हाई म्हणून कसं चालंल? लोकास्नी सांगितलंया." दिवे लागल्यावर मांडवात बसले. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला तिसरी तार उतरली. त्या वाद्यात कांडी सगळ्या तारांवरून एकदमच जाते. एक तार खोटी झाली की तिच्या सोबतचा प्रत्येक स्वर नासतो. मी तिला टाळून वाजवू लागले, तर कर्ण्यातून खरखर आली आणि आवाजच बंद पडला.

"वैनी, स्टेशन लागंना व्हय?" मागून एक दीर ओरडला आणि मांडव हसला. लाऊडस्पीकरवाल्याने समजुतीने तबकडी लावली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, हळू नव्हे: "शिकली असंल थोडंफार. रुखवतापुरतं."

दुसऱ्या दिवशी मी त्या गिटारीची पाठ उघडली. आत डाख नव्हतीच. तारा नुसत्या एकमेकींना पिळून त्यांवर काळी पट्टी गुंडाळली होती. ती उघडी गिटार मी यजमानांपुढे धरली. "पाहा ना, चूक माझ्या हातात नव्हती."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. "असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले.

त्यानंतर घरात कुणी मला वाजवायला सांगितले नाही. मीच ठरवले, यांना एकदा जुनी ऐकवायची. एकदाच. मग ती साताऱ्याला आणता येईल आणि पुढच्या गणपतीत त्याच मांडवात बसता येईल. दिवाळसणाला जावई म्हणून ते सांगलीला आले, तेव्हा मी वडिलांच्या मागे लागले आणि भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघे माधवनगरला गेलो.

त्या गृहस्थांच्या खोलीत माझी गिटार खुंटीला टांगलेली होती, स्वच्छ पुसलेली. मी ती मांडीवर घेतली. वजन ओळखीचे होते. त्यांनी ॲम्प्लिफायर लावून दिला आणि मी वाजवले. साताऱ्याच्या मांडवात जे तुटले होते तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही तार हलली नाही. यजमान खुर्चीत पायावर पाय टाकून पाऊल हलवीत बसले होते. दुसऱ्या ओळीला ते पाऊल थांबले. शेवटचा स्वर पुरा विरेपर्यंत ते थांबलेलेच होते. त्यांनी ऐकले होते. मला त्यात शंका नाही.

"मला तवाच वाटलं हुतं," ते गृहस्थ वडिलांना म्हणाले, "असली वस्तू कुणी देतं व्हय? आवं ताई, घेऊन जा. तुमचीच हाय. ती लाल द्या पाठवून, तिला बघू काय करता येतंय ते."

वडिलांनी जावयाकडे पाहिले. जावयाच्या मर्जीचे दिवस होते. मी गिटार मांडीवरून न उतरवताच विचारले, "अहो, नेऊ या ना घरी?"

यजमान उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि दाराकडे वळता वळता मला म्हणाले, "कशाला?"