उत्तरेच्या खिडकीतले काका

उजेडाशी रोज उठून भांडणारा माणूस मी अख्ख्या पुण्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. खडकीच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि चौथ्यावर हे चित्रकार. आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. घराच्या बाकी सगळ्या खिडक्या त्यांनी खाकी कागद लावून बंद केल्या होत्या. उघडी असायची ती फक्त उत्तरेची, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. समोरच्या गच्चीवर कोणी पिवळी चादर वाळत घातली की काका खिडकीत येऊन अदबीने म्हणत, "वहिनी, आपल्या चादरीमुळे माझ्या माणसाला कावीळ झाली आहे."

त्यांचा माणूस म्हणजे समोर खुर्चीत बसलेला, जिवंत माणूस. आधी कोळशाने रेखाटन, मग मातकट तपकिरी रंगात नुसत्या सावल्या, आणि रंग अगदी शेवटी, तेही चारच. तरुणपणी कोल्हापुरात ज्या गुरूंकडे ते शिकले, त्यांनी म्हणे वर्षभर एकच मातीचा माठ काढायला लावला होता. "वर्षाने माठाची ओळख झाली, मग माणसाकडे जायची परवानगी मिळाली," असं ते सांगत. दुसरे गुरू रद्दीत सापडले. जुन्या डच चित्रकारांचं ते पुस्तक होतं, पण त्याची सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे कुणाचं नाव कळायला मार्ग नव्हता. काका त्या सगळ्यांना मिळून "आपली मंडळी" म्हणत. "आपल्या मंडळींनी लिंबाची साल कशी सोडवली आहे बघ," असं मला दाखवायचे, जणू ती मंडळी शनिवार पेठेतच राहत होती. मार्केट यार्डात जाऊन ते तासभर वांगी निवडत. दुकानदार वैतागला की म्हणत, "खायची नाहीत हो, बघायची आहेत." आठ दिवस बघून झालं की ती सुरकुतलेली वांगी भरतासाठी आमच्याकडे यायची. चित्र लांबून कसं दिसतं ते पाहायला मागे मागे सरकत ते थेट जिन्यात पोचायचे, आणि सिलिंडर घेऊन चढणाऱ्या माणसावर दोनदा तरी आदळले होते.

फोटोवरून चित्र काढायला मात्र ते साफ नकार देत. मी तेव्हा नुकतीच हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. आमच्या साहेबांना रिसेप्शनसाठी स्वतःचं तैलचित्र हवं होतं. फोटो मेल करतो, शुक्रवारपर्यंत द्या, असा त्यांचा निरोप मी मोठ्या उत्साहाने वर नेला. काकांनी विचारलं, "का? शनिवारपासून ते वेगळे दिसणार आहेत?" तो विषय तिथेच संपला.

त्याच वर्षी बाबांची कंपनी बंद झाली. तीस वर्षं ते टूलरूममध्ये होते. लोखंडाचा केसाएवढा फरक बोटाने सांगणारा माणूस. माझी नोकरी सुरू आणि त्यांची संपली. मी सकाळी कंपनीच्या बसला निघायचे तेव्हा ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे, आणि परत यायचे तेव्हाही तसेच. दाढी वाढली, बोलणं थांबलं. आई माझ्याशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायला लागली. बाबांना एकटं ठेवायची तिला भीती वाटत होती.

एका रविवारी काका खाली आले. बाबांकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"अहो टूलरूम, आपल्याला हल्ली काही काम आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग उद्या साडेआठला वर या. मला न हलणारा माणूस हवाय. इतका न हलणारा मी आजवर पाहिला नाही."

आईला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून साडेआठला जिना चढले. मग रोजच जाऊ लागले. पहिले काही दिवस ते नुसते बसायचे. मग काकांचा ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा करायचा लाकडी स्टँड, डुगडुगतो हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी तो सुटा करून नव्याने जोडला. त्यानंतर खिडकीची बिजागरी झाली. हळूहळू वरून दोघांच्या वाद घालण्याचा आवाज यायला लागला, आणि आई पोळ्या लाटता लाटता तो ऐकत थांबायची.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी बाबा रागावून खाली आले. "सगळा चेहरा खरवडला त्या माणसाने. कपडे, हात तसेच आहेत, चेहरा पुसून टाकला." मी तशीच वर गेले. काका सुरीवरचा रंग पुसत होते. "तो चेहरा बरोबर होता गं," ते म्हणाले, "पण ते आता तसे दिसत नाहीत. मी काय करू?"

मला एकदम रडू आलं. मी काहीतरी उपकाराचं बोलायला लागले तर त्यांनी थांबवलं. "मी चित्र काढतोय. उपकार वगैरे मला काढता येत नाहीत."

दुसरा चेहरा पूर्ण व्हायला आणखी तीन महिने लागले. ते चित्र आमच्या घरात आहे. बाबा त्यात जरा चिडलेले दिसतात, आणि आईला ते फार आवडतं.

आता काका पुण्याबाहेर मांजरी गावात भाचीकडे राहतात. भोवती नव्या इमारती उठल्यामुळे तिथे कुठल्याच खिडकीतून धड उजेड येत नाही, आणि आला तरी त्यांच्या डोळ्यांना तो पुरत नाही. ब्रश सुटला आहे. मागच्या महिन्यात मी बाबांना घेऊन गेले होते. काकांनी बाबांचा हात धरून त्यांना खिडकीजवळ बसवलं, खांदा थोडा उजवीकडे वळवला आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसले. कॅनव्हास नव्हता, रंग नव्हते. भाचीने चहा आणून ठेवला, तो निवला. बाबा तासभर हलले नाहीत.