पुष्टी बाकी

आमच्या घरच्या शाळेत विद्यार्थिनी एक, शिक्षक दोन आणि वर्ग म्हणजे शाहपुऱ्यातल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा हा वर्ग सुरू झाला. शाळा उघडल्या तरी तो बंद झाला नाही. महाराणा प्रताप नगरातल्या एका हिंदी वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी पाळी दुपारी चारला सुरू होते, त्यामुळे सकाळचे तास माझे. मुलीचे बाबा सोनागिरीजवळच्या कारखान्यात इंजिनिअर. गणित त्यांच्याकडे, संध्याकाळी. पाच वर्षं मुलगी वर्गात पहिली आली. शेवटचीही तीच.

डेस्कवरून एक नियम या वर्गात आला होता. बातमीतली कुठलीही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी खरी असल्याचं सांगितल्याशिवाय छापायला जात नाही. तोवर तिच्या कडेला 'पु. बा.' लिहितात, म्हणजे पुष्टी बाकी. मुलगीही उत्तर पेन्सिलीनं लिही, शेजारी 'पु. बा.' लिही आणि मला किंवा बाबांना विचारी. जुळलं की मग पेन. पाच वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचं उत्तर पेनानं लिहिलं गेलं नाही. आलेल्या पाहुण्यांना या वह्या चहाबरोबर दाखवल्या जात.

काय राहून गेलं, हे उशिरा लक्षात आलं. 'वही घरी राहिली' हे कारण तिला कधीच सांगता आलं नाही. डब्यातली भाजी बदलून घ्यायला कुणी नव्हतं. वर्गात बोलल्याबद्दल तिला उभं केलं, तर वर्गात तिच्याशी बोलणारी मीच असायची.

बाल्कनीतून समोरच्या हिंदी शाळेचं मैदान दिसतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुलगी वही मिटून तिथे उभी राहायची. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती बाल्कनीतूनच म्हणाली, "मला शाळेत जायचंय."

"का?"

"खो-खोला नऊ जणी लागतात. आपण तीन आहोत. त्यात बाबांचा गुडघा."

बाबांनी संध्याकाळी गुडघ्याची बाजू मांडून पाहिली, पण तिचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. त्या शाळेत सहावीच्या जागा थोड्याच होत्या आणि प्रवेशपरीक्षा एकच. हुकली तर आणखी एक वर्ष बाल्कनी.

परीक्षेच्या शनिवारी मी फाटकाबाहेर थांबले होते. तासाभरात शिपाई बोलवायला आला. आत काय झालं ते पर्यवेक्षक सरांनी, मुलीनं आणि उत्तरपत्रिकेनं वेगवेगळं सांगितलं. तिन्हींचं जुळलं.

मुलीनं पंचवीसही उत्तरं वेळेआधी लिहिली होती. मग तिनं शेजारच्या बाकावरच्या मुलीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मेरा चौबीस आया है. आपका?" शाळेत मुरलेल्या त्या मुलीनं उत्तर न देता पेपरावर कोपर आडवं ठेवलं. तेव्हा आमची मुलगी सरांकडे वळली. "सर, ये बता नहीं रही. आप ही कन्फर्म कर दीजिए."

सरांनी पेपर काढून घेतला आणि तिला मुख्याध्यापिकांसमोर उभं केलं. मी पोचले तेव्हा मुख्याध्यापिका चष्मा लावून उत्तरपत्रिका वाचत होत्या.

"पच्चीस जगह पु. बा. लिखा है," त्या म्हणाल्या. "ये पु. बा. कौन है?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हमारे यहाँ इसे नकल कहते हैं."

"नकल तो छुपके करते हैं," मुलगी म्हणाली. "मैंने तो ज़ोर से पूछा था."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, "ये घर में किसने सिखाया?"

"मैंने," मी म्हटलं. या माहितीला दुसऱ्या कुणाच्या दुजोऱ्याची गरज नव्हती.

त्यांनी उत्तरपत्रिका मुलीसमोर सरकवली आणि स्वतःचं पेन दिलं. "पंद्रह मिनट. जो सही लगे, पेन से लिखो. किसी से पूछना नहीं. मम्मी से भी नहीं."

मुलीनं पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला घेतलं. आठवीला बुधवारी पाचव्या तासाला चित्रकला होती. दोन मिनिटं पेनाचा आवाज आला नाही. मग तो आला. गुरुवारपर्यंत मी पोचले, तेव्हा हळूच ऐकू आलं, "आई, फक्त सतरावं."

"बेटा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मराठी में पूछना भी पूछना ही है."

मुलीनं ओठ आवळले. एकेक 'पु. बा.' खोडलं जात होतं. सतराव्यापाशी पेन बराच वेळ हवेत राहिलं, मग टेकलं.

मुख्याध्यापिकांनी तिथेच तपासलं. "एक गलत है."

"कौन सा?"

"अप्रैल में क्लास में आकर पूछना."

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून मुलगी थांबली. "म्हणजे झाली ना ॲडमिशन? कन्फर्म?"

"बाबांनाही विचारू," मी म्हटलं, सवयीनं.

शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी ती गुडघा खरचटवून आली. घरात आता गुडघे दोन झाले. भाजी तिच्या डब्यात एक जाते आणि ती दुसरीच चाखून येते. पहिल्याच महिन्यात तिची वही दोनदा घरी राहिली. त्यातल्या एकदा ती दप्तरातच होती.

परवा दुपारी साडेतीनला ती त्याच टेबलावर गृहपाठ करत होती. मी पर्स खांद्याला लावली आणि निघता निघता वाकून पाहिलं, तर तिचं कोपर वहीवर आडवं आलं.

"विचारायचं नसतं, आई. आणि बघायचंही नसतं."

कोपराच्या फटीतून एक उत्तर दिसत होतं. पेनानं लिहिलेलं, आणि चुकीचं. मी चपला घातल्या आणि पाळीला निघाले.