कान दिसले पाहिजेत

सरळ बसा, हनुवटी थोडी खाली, हसू नका, कान दिसले पाहिजेत. या चार वाक्यांवर फोटोवाल्यांचा संसार चौतीस वर्षं चालला होता. पाचवं वाक्य म्हणजे ‘झालं’. ते कानावर पडताच गिऱ्हाईक असं सुटल्यासारखं उठायचं, की दाताच्या डॉक्टरलाही हेवा वाटावा. पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र, पेन्शनचा दाखला, अशा ज्या ज्या कागदावर माणसाचं तोंड चिकटवायची सरकारला हौस आहे, त्या सगळ्या कागदांना फोटोवाल्यांनी तोंडं पुरवली होती. लग्नाबिग्नाचे फोटो त्यांनी कधी घेतले नाहीत. तिथे माणसं हलतात, हा त्यांचा आक्षेप. गल्लीतले लोक पाठीमागे त्यांना ‘हलूनका’ म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि तो आपल्याला मिळालेला किताब आहे अशी त्यांची समजूत होती.

त्यांचा स्टुडिओ चढावाच्या रस्त्याला, कोपऱ्यावर. दहा बाय आठची खोली. मागे पांढरा पडदा, त्यापुढे फिरतं स्टूल. ते फिरू नये म्हणून खाली खिळे ठोकलेले. स्टुलापासून बरोबर साडेचार फुटांवर कॅमेऱ्याची तिपाई, तिच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा. आणि कॅमेऱ्याच्या लेन्सची जी फिरवायची कडी असते, तिच्यावरही काळी चिकटपट्टी. एकदा बरोबर बसलेली गोष्ट पुन्हा हलू द्यायची नाही, हा धंद्याचा मंत्र. एवढ्या वर्षांत कॅमेरे चार झाले, पण घरात आल्या दिवशीच प्रत्येकाला पट्टी लागली. चिकटपट्टी मात्र ते स्वतः चार दुकानं हिंडून, नखाने ओढून पाहून घ्यायचे.

याचा अर्थ असा, की साडेचार फुटांपलीकडच्या कशाचाही फोटो या गृहस्थाने आयुष्यात काढलेला नव्हता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गळ्यात कॅमेरा अडकवलेला कोणी नातेवाईक भेटला, की तो फोटोवाल्यांपुढे अदबीने उभा राही, आणि फोटोवाले त्याच्या कॅमेऱ्याकडे बघून “हं” म्हणत. या “हं”वर त्यांनी दोन पिढ्यांचा आदर मिळवला होता.

ही मूठ उघडायची वेळ आणली ती बायकोने. ती एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे एकोणतीस वर्षं बसली आणि निवृत्त झाली. निवृत्तीनंतर काय हवं, असं फोटोवाल्यांनी चहा पिताना सहज विचारलं. साडी किंवा गुडघ्याचा पट्टा असं काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, सफारीला जायचं. उघड्या जीपमधून, जंगलात. तेवढ्याने भागलं नाही.

“प्राणी दिसो न दिसो,” ती म्हणाली, “मला माझा एक फोटो हवाय. मोकळ्यावर काढलेला, हसतानाचा. उद्या मी गेले तर भिंतीवर काय लावणार आहात तुम्ही? पासपोर्ट?”

मागणी वाजवी होती. घरात तिचे अकरा फोटो होते, सगळे नवऱ्याने काढलेले, आणि अकराच्या अकरा फोटोंत मागे पांढरा पडदा, ओठ मिटलेले, कान बाहेर. ओळीने लावले असते तर पोलीस ठाण्यातला फळा वाटला असता. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. फोटोवाले म्हणाले, “काढू की, त्यात काय.” आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यातून बायकोचा फोटो निघून गेला आणि कॅमेरा आत शिरला. सफारी म्हणजे लांबचे प्राणी. लांबचे प्राणी म्हणजे झूम. आणि झूम म्हणजे नक्की काय, हे कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण असलं काही विचारायला लोक यांच्याकडे येत.

वास लागावा तसा मेव्हणा दुसऱ्याच दिवशी हजर झाला. हा बायकोचा धाकटा भाऊ विमा विकतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ बघून जगातल्या सगळ्या विषयांचं ज्ञान मिळवतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, फक्त उंट खिशात मावणारा. सफारीला आपणही येणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. बसता बसता त्याने विचारलं, “भाऊजी, किती एक्स घेताय?”

एक्स ही काय भानगड आहे हे फोटोवाल्यांना माहीत नव्हतं. ते गंभीरपणे म्हणाले, “तेच बघतोय.”

मग पाच आठवडे ते तेच बघत होते. मेव्हण्याने व्हिडिओंचा मारा सुरू केला. त्यांत एक तरुण वीस मिनिटं खोकं उघडायचा, वीस मिनिटं झूमबद्दल बोलायचा आणि शेवटी चंद्राचा फोटो काढायचा. सफारीत चंद्र कुठून येतो, हे फोटोवाल्यांना कळेना. एक जण म्हणे सेन्सर मोठा हवा, नाहीतर अंधूक उजेडात फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. दुसरा म्हणे सेन्सर घेऊन काय करता, झूम लांब हवा. तिसरा म्हणे हात हलतो, त्याचा बंदोबस्त आधी बघा. हा तिसरा तेवढा फोटोवाल्यांना सज्जन वाटला. त्यांनी वहीत रकाने आखले, खोडले, पुन्हा आखले. सुट्या लेन्सचा कॅमेरा, खिशातला कॅमेरा आणि या दोघांच्या मधला, लेन्स न बदलता नाक लांब काढणारा, असे तीन उमेदवार उरले. बायको एकदा वही बघून म्हणाली, “माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी एवढी चौकशी केली असती तर!” फोटोवाल्यांनी पान उलटलं.

शेवटी ते दुकानात गेले. काउंटरवरच्या विक्रेत्याने विचारलं, “काय शूट करता, सर?”

“माणसं.”

“अरे वा, पोर्ट्रेट?”

“पासपोर्ट.”

त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून पाच आठवड्यांचा अभ्यास बाजूला पडला. दुकानातला सगळ्यात लांब नाकाचा कॅमेरा त्यांनी बोट दाखवून काढायला लावला. सेन्सर कसा, वजन किती, सगळं वहीत राहिलं. अपमान झालेल्या माणसाला मधला पर्याय कधीच दिसत नाही. दोन दिवस वापरून बघा, नाही पटला तर आणून द्या, असं विक्रेता म्हणाला, एवढीच काय ती सवलत.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात उभं राहून त्यांनी परीक्षा घेतली. बँकेवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. समोरच्या केशकर्तनालयातल्या गिऱ्हाइकाचे दोन्ही कान स्वच्छ दिसले, समाधान वाटलं. मग त्यांनी कॅमेरा चढावाच्या वरच्या टोकाकडे वळवला आणि कडी शेवटपर्यंत फिरवली. आपल्याच इमारतीचा तिसरा मजला एकदम डोळ्यापुढे आला. आपलीच गॅलरी. वाळलेले कपडे काढता काढता बायको शेजारणीशी बोलत होती, आणि बोलता बोलता हसायला लागली. मान मागे टाकून, हातातला टॉवेल तोंडावर धरून, केस सगळे कानांवर आलेले. फोटोवाले बराच वेळ बघत राहिले. ही बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. घरी तर ती अशी हसत नाही, की हसते आणि आपणच घरात नसतो?

बटणावर बोट होतं, पण त्यांनी दाबलं नाही. कान झाकलेले होते.

घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, मघाशी एवढं कशाला हसत होतीस. ती म्हणाली, कधी? मग म्हणाली, काही नाही, असंच. कॅमेरा मात्र पास झाला होता. निघायच्या आदल्या दिवशी फोटोवाल्यांनी आपल्या धंद्याला शोभेल तो शेवटचा संस्कार केला. प्राणी लांब असणार, म्हणजे झूम पुरा लागणार, ऐन वेळी हात गडबडला तर पंचाईत. तेव्हा कडी शेवटपर्यंत फिरवून तिच्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. दोन वेढे.

जंगलातल्या पहिल्या दोन फेऱ्यांत प्राण्यांनी फक्त पाठी दाखवल्या. मेव्हण्याने भाड्याने आणलेली लेन्स इतकी अवजड होती, की ती मांडीवर घेऊन तो बाळंतिणीसारखा बसला होता. जीपच्या चालकाने दरवेळी तेच बजावलं: उठायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. तिसऱ्या दिवशी, परतीच्या सकाळी, गवतातून सिंह निघाला. लांबून निघाला तेव्हा सगळे सरसावले. पण तो थांबेना. सरळ जीपकडे आला, इकडे तिकडे पाहिलं आणि फोटोवाल्यांच्या बाजूच्या मागच्या चाकाशी, सावलीत बसला. सहा फुटांवर.

फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं. नुसता तपकिरी रंग. कॅमेरा हलवला, तर एक नाकपुडी असावी अशी शंका आली. मेव्हण्याची गत वेगळी नव्हती. तो दातओठ खात कुजबुजला, “भाऊजी, झूम मागे घ्या, मागे.” फोटोवाले नखांनी पट्टी उकरू लागले. पट्टी उत्तम प्रतीची होती, त्यांनीच निवडलेली.

तेवढ्यात सिंहाने तोंड त्यांच्याकडे वळवलं. अगदी समोर. तोंड मिटलेलं, नजर स्थिर, दोन्ही कान स्वच्छ. चौतीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. फोटोवाल्यांच्या तोंडून नेहमीच्या हळू, धंद्याच्या आवाजात निघून गेलं, “हनुवटी थोडी खाली.”

सिंहाने ऐकलं नाही, पण बायकोने ऐकलं. आधी तिने रुमाल तोंडात कोंबला, मग डोळे घट्ट मिटले, पण कशाचाच उपयोग झाला नाही. तिचं हसू जे फुटलं ते आख्ख्या जीपभर झालं. सिंह उठला, खिडकी बंद करून जेवायला निघालेल्या कारकुनासारखं त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि तो चालता झाला. तो गवतात दिसेनासा झाल्यावर पट्टी सुटली. वरातीमागून घोडं. मेव्हणा बोलेनासा झाला, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

“काकू, हसू नका म्हणून सांगितलं होतं ना,” चालक म्हणाला.

आपलं वाक्य फोटोवाल्यांनी जसंच्या तसं पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. ऐकायला ते फार वाईट होतं. बायकोचा चेहरा लगेच मिटला, तिने केस कानांमागे सारले आणि ती समोर बघत बसली. तेव्हा कुठे फोटोवाल्यांना आठवलं, की आपण इथे सिंहासाठी आलोच नव्हतो.

मुक्कामाच्या तंबूंपाशी परतल्यावर त्यांनी तिला झाडाखाली उभं केलं. गाडी निघायला तासभर होता. झूम मागे घेतला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बायकोची हनुवटी आपोआप खाली गेली, ओठ मिटले, केस कानांमागे गेले. “हस ना,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी धंद्यात कधी वापरला नव्हता. तिने प्रयत्न केला. केसपेपरच्या खिडकीवर, वेळ संपत आल्यावर आलेल्या पेशंटला मिळतं तसलं हसू आलं. कॅमेरा खाली केला, की ती माणसात यायची. वर केला, की पासपोर्ट. सहा वेळा झालं. हे दुसऱ्या कोणी केलेलं नव्हतं. एकतीस वर्षं थोडं थोडं करून त्यांनीच केलं होतं, आणि आता त्यांना मनापासून लाज वाटली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “सवय आहे हो ती. वाईट वाटून घेऊ नका.” आणि ती स्वयंपाकाच्या शेडकडे गेली. तिथे पातेली घासत बसलेल्या बाईशी तिची दोन दिवसांत मैत्री झाली होती.

फोटोवाले कॅमेरा घेऊन उलट्या दिशेला चालू लागले. ऐंशी पावलांवर पाण्याची टाकी होती. तिच्या आड ते गुडघे टेकून बसले, कडी शेवटपर्यंत फिरवली आणि खिशातून चिकटपट्टी काढून एक वेढा मारला. सवय आहे हो ती.

बायको समोर आली, हाताच्या अंतरावर असल्यासारखी. ती त्या बाईला काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिने पाठ ताठ केली, एक डोळा मिटला आणि बोटाने हवेत कुणाची तरी हनुवटी खाली केली. मग लगेच सिंह झाली. पातेलं बाजूला ठेवून ती बाई हसू लागली, आणि बायकोने मान मागे टाकली. ती फोटोवाल्यांनाच हसत होती, पोटभर, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. केस कानांवर उडत होते. गिऱ्हाईक हलत होतं, आणि आज फोटोवाल्यांचा हातही हलत होता. त्यांनी बटण दाबलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. पडद्यावरचा फोटो ती खूप वेळ बघत राहिली.

“माझे कान दिसत नाहीयेत यात,” ती म्हणाली.

“चालतं,” फोटोवाले म्हणाले.