काटेमामांचा पाऊण सूर्य

मी जन्मले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझं वजन अडीच किलो सांगितलं. बाकीची माणसं पेढे वाटायचे की बर्फी, यावर बोलत होती. मामांनी एकच विचारलं, पोरीला ठेवायच्या आधी काटा शून्यावर होता का. नर्सबाईंनी होता म्हणून सांगितलं, पण मामांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला दुपट्यासकट उचललं, दोन्ही हातांवर जरा वर-खाली केलं आणि आईला सांगितलं की सव्वादोनच्या पुढं काही नाही, पोरीला नीट दूध पाज. आई ही गोष्ट अजून सांगते आणि दरवेळी चिडूनच सांगते.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गंगाखेडला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदारांच्या काट्यांवर आणि वजनांवर ठरावीक मुदतीनं सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याच्या आधी काटा सरळ करून देणं, झिजलेलं वजन भरून देणं, पारड्याच्या साखळ्या समान करणं, हे मामांचं काम. आठवड्यातून दोनदा पिशवीत हातोडी आणि कानस घालून ते एसटीनं झरीपासून देवगाव फाट्यापर्यंत फिरत. सगळा मुलूख त्यांना काटेमामा म्हणे. त्यांचं खरं नाव मला स्वतःला शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून लिहिताना कळलं.

मामा माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या काट्याशी बोलत. भाजीवालीनं वांगी पारड्यात टाकायच्या आत यांचं सुरू, "आधी रिकामा धर." तिनं धरला की हे खाली वाकून बघणार. बाजारातल्या दोन बायका तर मामा लांबून दिसले की तराजू गोणपाटाखाली सारायच्या आणि मामींनाच भाजी द्यायच्या. कुणी हसून बोललं की मामांना संशय यायचा, कुणी न हसता बोललं की जास्त यायचा. गॅसचं सिलिंडर आलं की ते दारातच हातानं तोलून बघत. मामी म्हणत, लग्नात माझ्या गळ्यात हार घालायच्या आधी ह्यांनी तो हातात तोलला होता. मामा यावर काही बोलत नसत, त्यामुळं ते खरंच असावं.

वजन तपासायची त्यांची रीत मात्र वेगळी होती. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर केलेलं असतं. लबाड माणूस ते शिसं काढून वरून मेणानं बुजवतो. मामा वजन दोरीला टांगत, लहान हातोडीनं एकदाच ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. नाद विरला की निकाल यायचा. "भरीव हाय," नाही तर "पोकळ हाय." तिसरा शब्द नव्हता. डोळे का मिटता, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "समोरच्याचं तोंड दिसलं की कान खोटं बोलायलेत, माय."

झरीच्या एका किराणा दुकानदाराचं आणि मामांचं चांगलं घरोब्याचं नातं होतं. त्याच्या दोन किलोच्या वजनाला मामांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पोकळ म्हटलं. तो बिचारा गयावया करत होता की मला माहीतच नव्हतं, निदान आज तरी बोलू नका. मामांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं त्याच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण आलं नाही, आणि मामी आठ दिवस धुसफुसत होत्या. मलाही तेव्हा मामांचा राग आला होता.

माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात ते थेट उन्हाळ्यातच परत येत. म्हणून मी मामांकडं वाढले, परभणीच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊन बीएस्सी झाले. तिथंच मला ताऱ्यांचं वेड लागलं. एकदा डिसेंबरात, दिवेलागणीनंतर, मी मामांना गच्चीवर नेऊन दक्षिणेकडचा एक बारीकसा तारा दाखवला. तिमिंगल नावाच्या तारकासमूहातला, टाऊ सेटी त्याचं नाव. मी पुस्तकात वाचलेलं धडाधड सांगितलं. हा आपल्या सूर्याच्या जातीचा, आणि शेजारचा. प्रकाशाला तिथून यायला बारा वर्षं लागतात. वजन पाऊण सूर्याहून किंचित जास्त, उजेड निम्मा, वय सूर्याहून जास्त, आणि लोखंड सूर्यातल्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं.

मामांनी आधी कपाळावर हात धरून नेमका हाच तारा कशावरून, याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "लोखंड काढलं कुणी?"

मी म्हटलं, काढलं नाही, मुळातच कमी. त्यांना ते पटलं नाही. पण त्यांचा खरा आक्षेप वजनावर होता.

"तोललं कोणत्या काट्यावर?"

पुस्तकात छापलंय, असं मी म्हणाले. पुस्तक हा काही काटा नव्हे, एवढं बोलून ते जेवायला खाली उतरले. मला इतकी चीड आली की त्या दिवशी मी जेवलेच नाही.

महिनाभरानं मी उत्तर आणलं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की त्यांच्यामध्ये एक बिंदू स्थिर राहतो. जड तारा त्या बिंदूच्या जवळून फिरतो, हलका लांबून. मामांनी कोपऱ्यातली तराजूची जुनी दांडी उचलली, बोटावर आडवी धरली, एका टोकाला किलोचं वजन अडकवलं, दुसऱ्याला पावशेराचं, आणि बोट सरकवत सरकवत दांडी समतोल केली. दांडीच आहे ही, एवढं त्यांनी कबूल केलं. त्यांच्याकडून इतकंही मिळणं मोठं होतं. मी खूश होतेय तोच ते म्हणाले, "आन ह्या तुझ्या ताऱ्याला जोडीदार हाय का?"

नव्हता. तो एकटाच आहे.

त्यानंतर पुण्याला एमएस्सीला जायची वेळ आली. आई उसाच्या फडातून फोनवर म्हणाली, मामा म्हणतील तसं. नातेवाइकांनी मामांचे कान भरायला सुरुवात केलीच होती. पोरीला एकटीला धाडू नका, तारे मोजून कुणाचं पोट भरतं, वगैरे. मामांना तर माझ्या विद्येवरच भरवसा नव्हता. मी दुकानात त्यांच्यासमोर फॉर्म ठेवला. ते नाही म्हणाले असते तर माझं सगळं तिथंच थांबणार होतं. त्यांनी फॉर्म उलटसुलट बघितला, हवेत धरून बघितला आणि म्हणाले, "इतक्या लांबचं वजन छातीठोक सांगायलेत, म्हंजी कुणीतरी जाऊन तपासायलाच पायजे. जा. त्यांचा काटा बघून ये. पण मला येऊन सांगायचं, एकट्याचं वजन कसं करतेत ते."

लोकांच्या मुली घरच्यांच्या विश्वासावर शिकायला जातात. मी संशयावर गेले. तपासायला गेलेला माणूस झोपा काढत नाही, एवढा त्याचा फायदा झाला. वर्गात कुणी फळ्यावर आकडा लिहिला की माझा हात वर. पहिल्या सहा महिन्यांतच सर मला बघून वैतागायला लागले. मामांचा फोन दर रविवारी यायचा, त्यात खुशाली नंतर, आधी एकच प्रश्न, काटा सापडला का.

मग एकदा मामींचा फोन आला की मामांनी दुकान बंद केलं. मला वाटलं, इलेक्ट्रॉनिक काट्यांमुळं. तसं नव्हतं. मामांना कमी ऐकू यायला लागलं होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्यांनी एक वजन ठोकलं, डोळे मिटले, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि ते वजन गिऱ्हाइकाला परत देऊन म्हणाले, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं. आयुष्यभर जगावर घेतलेला संशय त्यांनी शेवटी स्वतःच्या कानांवर घेतला, आणि तिथंही सूट दिली नाही. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

उत्तर मला दुसऱ्या वर्षी सापडलं आणि वाचताना अंगावर काटा आला. तारा नाद करतो. त्याच्या पोटातला वायू उकळत असतो, त्यानं अख्खा तारा थरथरतो. ह्या आमच्या ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण चार मिनिटांना एकदा किंचित वर-खाली होतो. त्या थरथरीवरून तो किती दाट आहे ते कळतं, लांबलांबच्या दुर्बिणी एकत्र जोडून त्याचा घेर मोजलेला आहेच, आणि दोन्ही मिळून वजन निघतं. एकट्या ताऱ्याला नादावरून तोलतात. मामा हेच काम दुकानात उभं राहून करत होते आणि आम्हा दोघांनाही ते सुचलं नव्हतं. मी परदेशातल्या दुर्बिणीच्या काही रात्रींच्या नोंदी मिळवल्या, त्या लाखपट वेगानं पळवून त्यांचा कानाला ऐकू येईल असा आवाज केला आणि गंगाखेडची गाडी धरली.

मामा ओसरीवर बसले होते. वाळले होते फार. मामी म्हणाल्या, कानाशी जाऊन ओरडून बोल. मी ओरडून सगळं सांगितलं. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठोकलं कुणी?"

कुणी नाही, म्हटलं, आधणाच्या भांड्यावरचं झाकण जसं आपोआप थडथडतं तसं. हा आवाज खरा की तू केलास, हेही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. नोंदी खऱ्या, वेग माझा. त्यांनी मान हलवली. लपवलं असतं तर तिथंच उठले असते.

मी लहान स्पीकरवर आवाज लावला. गुणगुणल्यासारखा, जेमतेम दोन सेकंदांचा. मामांना काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी स्पीकर मागून घेतला, तळहातावर ठेवला, वर दुसऱ्या हाताची बोटं टेकवली. मी आवाज पुन्हा लावला. पुन्हा. सात-आठ वेळा तरी झालं असेल. शेवटी त्यांनी स्पीकर खाली ठेवला.

"भरीव हाय," म्हणाले.

त्याच पावसाळ्यात मामा गेले. मी आता ताऱ्यांच्या वजनांवरच काम करते. माझ्या कोष्टकात प्रत्येक आकड्यापुढं तो कितपत चुकू शकतो ते लिहिलेलं असतं, आणि टाऊ सेटीचं गणित मी दरवर्षी एकदा नव्यानं करते. दरवेळी वजन पाऊण सूर्याहून किंचित जास्तच येतं. तरी एक शंका काही जात नाही. मामांच्या बोटांना खरंच काही कळलं होतं का? खोटा निकाल त्यांनी उभ्या जन्मात दिला नव्हता, घरोब्याच्या माणसालाही नाही, हे मी स्वतः पाहिलंय. पण निकाल देताना ते नेहमी डोळे मिटत. त्या दिवशी त्यांचे डोळे उघडे होते, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते.